एवढ्याशा पोराला रॉड? मुलांच्या मोडलेल्या मांडीची गोष्ट

सात-आठ वर्षांच्या मुलाचं मांडीचं हाड मोडलं आणि हाडांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, की घरातले लोक आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे येतात. मी सर्जन नाही, फिजिशियन आहे. पण हा प्रश्न माझ्या टेबलावर येतोच. "एवढ्याशा पोराला रॉड घालायचा? आमच्या वेळी वजन लावून हाड जुळायचं की!" हे सहसा आजी म्हणते. कधी उलटंही होतं. दोन वर्षांच्या बाळाला डॉक्टर नुसतं प्लास्टर घालतात आणि वडील नाराज होतात. "खर्चाचं बघू आम्ही, पण चांगलं ऑपरेशन करा."

आजी आणि वडील दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य आहे. कुठे किती, ते कळायला या उपचारांचा इतिहास पाहावा लागतो. तो आपल्याकडचा, म्हणजे औंध, सातारा, सांगली, मिरज या टापूच्या अंगाने सांगतो.

आधी हाडाबद्दल थोडं. मांडीचं हाड शरीरातलं सगळ्यात लांब हाड. त्याच्याभोवती जाडजूड स्नायू असतात. हाड मोडलं की हे स्नायू आखडतात आणि मोडलेली टोकं एकमेकांवर चढतात. मांडी आखूड आणि वाकडी होते. मोठ्या माणसात मांडीच्या आत लिटरभर रक्तस्राव सहज होऊ शकतो.

मुलांचं हाड मात्र वेगळं. त्याच्यावर जाड, चिवट आवरण असतं आणि ते नवीन हाड भराभर तयार करतं. हाडाच्या दोन्ही टोकांना वाढीच्या चकत्या असतात. त्यांच्यामुळे मूल उंच होतं, आणि थोडंफार वाकडं जुळलेलं हाड पुढे हळूहळू बरंचसं सरळही होतं. आणखी एक गंमत आहे. साधारण २ ते १० वर्षांच्या मुलात मोडलेली मांडी जुळताना रक्तपुरवठा वाढतो आणि ते हाड दुसऱ्या बाजूच्या हाडापेक्षा सुमारे एक सेंटीमीटर जास्त वाढतं. म्हणून लहान मुलाचा प्लास्टरनंतरचा एक्स-रे पाहून घाबरू नका. टोकं एकावर एक सेंटीमीटरभर चढलेली दिसतात, ती डॉक्टरांनी बऱ्याचदा जाणूनबुजून तशी ठेवलेली असतात.

हे आपल्या जुन्या वैद्यांना माहीत होतं. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मोडलेल्या हाडांवर एक अख्खा अध्याय आहे. लहान वयात हाड एका महिन्यात स्थिर होतं, मध्यम वयात त्याला दुप्पट वेळ लागतो आणि म्हातारपणी तिप्पट, असं त्यात सांगितलंय. आजच्या पुस्तकातलं गणित यापासून फार दूर नाही. वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन यांच्या साली आणि बांबू यांच्या पट्ट्या बांधायला सांगितल्या आहेत. मांडी किंवा पोटरी मोडली तर रोग्याला लाकडी फळीवर निजवायचं आणि पाय हलू नये म्हणून त्या फळीला पाच खुंट्या ठोकायच्या. फळी कठीण, खुंट्या पक्क्या, रोगी निश्चल. पुढे दोन हजार वर्षं जगभरच्या वैद्यांनी याच कल्पनेची वेगवेगळी रूपं वापरली.

त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, ती आजच्या हाडवैद्यांनी वाचायला हवी. बांधणी फार सैल नको, कारण जोड स्थिर राहत नाही. फार घट्टही नको, कारण सूज येते, दुखतं आणि पिकतं. थंडीत सात दिवसांनी, उन्हाळ्यात तीन दिवसांनी पट्टी सोडून पुन्हा बांधा. मी गावाकडे कांबी बांधून आलेली मुलं पाहिली आहेत. बोटं निळी आणि गार पडलेली, मूल रात्रभर रडलेलं, आणि घरच्यांना सांगितलेलं असतं की आठ दिवस सोडायचं नाही. परंपरेचं नाव घ्यायचं आणि परंपरेतली सावधगिरी सोडून द्यायची, याचा मला राग येतो.

मोठी दुखापत झाली की त्या काळी काय व्हायचं, याचं मराठी माणसाला ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे सवाई माधवराव पेशवे. ऑक्टोबर १७९५ मध्ये २१ वर्षांचे सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या गच्चीवरून खाली कारंज्यावर पडले. साताऱ्यात इंग्रजांचा रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफने पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिला. दोन अवयव मोडले आणि कारंज्याच्या नळीने मोठी जखम झाली, असं तो सांगतो. पेशवे दोन दिवसांत गेले. पुण्यातले उत्तम वैद्य हाताशी असणार. पण आत होणारा रक्तस्राव आणि उघड्या जखमेतला जंतुसंसर्ग यांच्यापुढे तेव्हा जगातला कोणताही वैद्य हतबल होता, लंडनमधलाही.

ऑपरेशनच्या वाटेवरच्या अडचणी पुढच्या शतकात एकेक करून दूर झाल्या. १८४६ मध्ये ईथरची भूल आली. ऑगस्ट १८६५ मध्ये ग्लासगोला जोसेफ लिस्टर यांच्याकडे जेम्स ग्रीनलीज नावाचा ११ वर्षांचा मुलगा आला. गाडीचं चाक पायावरून गेलं होतं. पोटरीचं हाड मोडून जखम उघडी पडली होती. अशा जखमेत तेव्हा बऱ्याचदा पाय कापावा लागे. लिस्टरनी ती कार्बोलिक ॲसिडमध्ये भिजवलेल्या कापडाने झाकली. जखम पिकली नाही, आणि सहा आठवड्यांत मुलाचं हाड जुळलं. आज ऑपरेशन थिएटरमध्ये जी स्वच्छता आपण गृहीत धरतो तिची सुरुवात अशी एका मुलाच्या मोडलेल्या पायापासून झाली. १८९५ मध्ये राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि हाड न कापता दिसू लागलं.

तरी मांडीसाठी मुख्य उपचार राहिला तो ओढून धरण्याचा, म्हणजे ट्रॅक्शनचा. यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस. त्यांचं घराणं वेल्समधल्या हाडवैद्यांचं. वडीलही हाडवैद्यच, पण त्यांनी मुलांना रीतसर डॉक्टर केलं. ह्यू ओवेन यांनी १८७० च्या दशकात मांडीच्या मुळाशी बसणारं कडं आणि दोन्ही बाजूंना लोखंडी सळ्या अशी चौकट बनवली. तीच थॉमस स्प्लिंट. पहिल्या महायुद्धात त्यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी ती आघाडीवर पोचवली. मांडीच्या गोळीच्या जखमेत मरणाऱ्यांचं प्रमाण तिच्यामुळे सुमारे ८० टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या आत आलं, असं सांगतात. हाडवैद्याच्या घरातली कारागिरी आणि वैद्यकाचं शिक्षण एकत्र आलं की काय होतं ते यातून दिसतं. आपल्याकडे या दोन गोष्टी एका घरात फारशा आल्या नाहीत.

अगदी लहान मुलांसाठी १८७३ च्या सुमारास लंडनच्या थॉमस ब्रायंट यांनी दोन्ही पाय सरळ वर टांगायची पद्धत आणली. बाळाचं ढुंगण गादीपासून जरासं उचललेलं, पाय छताकडे. दिसायला विचित्र, पण बाळं रमायची आणि शी-शूही सोपी व्हायची. विसाव्या शतकाच्या मध्यावर लक्षात आलं, की जरा मोठ्या, वजनदार मुलात या पद्धतीने पावलांचा रक्तपुरवठा अडू शकतो, आणि तोही कधीकधी न मोडलेल्या पायाचा! म्हणून पुढे ती फक्त तान्ह्या आणि हलक्या मुलांपुरती राहिली. बिनकापाकापीचा उपचार म्हणजे बिनधोक उपचार, असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता आपल्या मुलखात येऊ. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेला त्यांचं मिशन हॉस्पिटल उभं राहिलं. मिरज रेल्वेचं जंक्शन होतं, त्यामुळे दूरदूरचे रोगी तिथे येत. औंध संस्थान तर नकाशावर तुकड्यातुकड्यांनी पसरलेलं. औंध गाव खटावच्या बाजूला, आटपाडी दुष्काळी माणदेशात, कुंडल कृष्णाकाठच्या बाजूला. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तीही याच संस्थानात. तिथून मिरजेला जायला गाडी होती. औंधच्या माणसाला आधी बैलगाडीने रहिमतपूर स्टेशन गाठावं लागे. आटपाडीच्या माणसाचे हाल आणखी.

मांडी मोडलेल्या मुलाला बैलगाडीतून नेणं म्हणजे काय, याची कल्पना करा. रस्ता खडीचा, प्रत्येक धक्क्याला मोडलेली टोकं एकमेकांवर घासणार. अशा वेळी जवळच्या हाडवैद्याकडे जाणं हा अडाणीपणा नव्हता. तेवढंच शक्य होतं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी मुलांच्या शरीराकडे बारकाईने लक्ष देणारे होते. संस्थानच्या शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार आणले, त्यावर पुस्तक लिहिलं, त्यांचा प्रचार परदेशापर्यंत पोचला. पण व्यायामाने कमावलेल्या पोराचीही मांडी चिंचेवरून पडल्यावर मोडायची ती मोडायचीच, आणि मग त्याला राजाच्या राज्यातही खाटेवाचून इलाज नव्हता.

दवाखान्यात पोचलं तरी उपचार होता खाटेचाच. हाड जुळायला मुलाच्या वयानुसार चार ते आठ आठवडे, तेवढा काळ पाय वजनाला टांगलेला. सोबत आई. घरी दुसरी लेकरं, जनावरं, सुगी. १९४८ मध्ये औंध संस्थान विलीन झालं, त्याचे तुकडे आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत गेले, १९६२ मध्ये मिरजेला सरकारी मेडिकल कॉलेज निघालं, रस्ते झाले, एसटी आली. मुलाच्या मांडीचा उपचार मात्र बराच काळ तोच राहिला. मी एमबीबीएसला होतो तेव्हा, साधारण १९९० च्या आगेमागे, हाडांच्या वॉर्डात ओळीने अशी मुलं असायची. थॉमस स्प्लिंट, पायाला चिकटपट्टी, पट्टीला दोरी, दोरी कप्पीवरून खाली, आणि टोकाला वजन म्हणून वीट किंवा वाळूची पिशवी. खाटेची पायाकडची बाजू विटांवर उचललेली. सकाळच्या राउंडला सर आधी वीट जमिनीला टेकली आहे का ते पाहायचे, कारण टेकली की ओढ संपली. ती मुलं त्या खाटांवर पाढे म्हणायची, पत्ते खेळायची, वॉर्डातल्या सगळ्यांना नावाने ओळखायची. हाड जुळायचं, यात शंका नाही. आजी म्हणते ते हेच. पण शाळेचं अर्धं सत्र जायचं आणि आईची मजुरी बुडायची. तो खर्च कुठल्याच बिलात लिहिलेला नसायचा.

मग मोठ्यांसाठी ऑपरेशन केव्हाच आलेलं असताना मुलं मागे का राहिली?

१९३९ मध्ये जर्मनीतल्या कील शहरात गेरहार्ड क्यून्चर यांनी मोडलेल्या मांडीच्या पोकळीतून लांब जाड सळई घालून हाड आतून सांधलं. युद्धकैदी घरी परतले तेव्हा त्यांच्या एक्स-रेमध्ये या सळया पाहून इंग्लंड-अमेरिकेतले डॉक्टर चकित झाले. महिनोन्‌महिने खाटेवर पडणारा माणूस काही दिवसांत उभा राहू लागला. पण ही सळई खुब्याच्या वरच्या टोकातून घालतात. मुलात नेमकी तिथे वाढीची चकती असते, आणि खुब्याच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या नाजूक वाहिन्याही तिथूनच जातात. त्या दुखावल्या तर गोळा मरतो. मूल बारा वर्षांचं असताना खुबा निकामी होणं हे मांडी थोडी वाकडी जुळण्यापेक्षा कितीतरी वाईट. म्हणून सर्जन हात राखून होते, आणि ते बरोबरच होतं.

तोडगा निघाला फ्रान्समधल्या नॅन्सी शहरात. तिथल्या मुलांच्या हॉस्पिटलात झाँ प्रेव्हो, झाँ-पॉल मेतेझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास एक जाड, ताठ सळई सोडून दोन बारीक, लवचीक सळया वापरायला सुरुवात केली. गुडघ्याच्या जरा वर, वाढीच्या चकतीला धक्का न लावता दोन्ही बाजूंना लहान छेद द्यायचा. सळई धनुष्यासारखी वाकवायची आणि हाडाच्या पोकळीतून वर सरकवायची. दोन्ही धनुष्यं एकमेकांविरुद्ध ताणलेली, त्यामुळे हाड मधोमध तोललं जातं. मोडलेली जागा उघडावीच लागत नाही. सळया थोड्या लवचीक असल्याने मोडीच्या जागी किंचित हालचाल होते, आणि ती हालचालच नवीन हाडाला चालना देते. बांबूच्या कामट्या वाकवून मांडव घालणाऱ्या माणसाला हे तत्त्व एका मिनिटात समजेल.

त्यांनी १९८८ मध्ये १२३ मोडलेल्या मांड्यांचा अनुभव छापला. सगळ्यात जास्त त्रास कशाचा होता? गुडघ्याजवळ बाहेर राहिलेलं सळईचं टोक कातडीला टोचण्याचा. हाडात जंतुसंसर्ग एकाच मुलाला झाला होता. त्यानंतर ही पद्धत जगभर पसरली. आपल्याकडे ऑपरेशन चालू असताना पडद्यावर हाड दाखवणारं सी-आर्म यंत्र तालुक्याच्या हॉस्पिटलांपर्यंत पोचलं आणि टायटॅनियमच्या सळया मिळू लागल्या, तशी ती रुळली. केस-पेपरवर 'टेन्स नेल' लिहिलेलं असतं ते हेच. आपले सर्जन बारीक सळयांना नवखे नव्हते. कोपराखालची हाडं जोडायला तळवलकरांच्या नावाची चौकोनी सळई इथे आधीपासून वापरात होती.

नवीन म्हणजे चांगलं, असं मात्र मी सरसकट म्हणणार नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये जगभरच्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. सगळ्या मिळून जेमतेम १० चाचण्या आणि ५२७ मुलं सापडली. निष्कर्ष सावध होते. ऑपरेशनने हाड वाकडं जुळण्याचं प्रमाण घटतं. पण जंतुसंसर्गासारखे धोके वाढतात, आणि ते प्लास्टरमध्ये जवळपास नसतात. काही वर्षांनी मूल पळताना-खेळताना दोन्ही गटांत किती फरक राहतो, हे सांगायला पुरेसा पुरावा नव्हता. म्हणजे ऑपरेशनचा मोठा फायदा आहे तो लवकर उठण्याचा, शाळेत जाण्याचा आणि हाड सरळ राहण्याचा. हा फायदा लहान नाही, पण तो मुलाच्या वयाप्रमाणे बदलतो.

म्हणून आज डॉक्टर आधी वय आणि वजन विचारतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला कापडी पट्ट्यांचा आधार पुरतो, दोन-तीन आठवड्यांत हाड धरतं. त्यापुढे साधारण पाच वर्षांपर्यंत कमरेपासून पायापर्यंतचं प्लास्टर. त्याला हिप स्पायका म्हणतात. हे बहुतेक वेळा भूल देऊन पहिल्या एक-दोन दिवसांतच घालतात, त्यामुळे ट्रॅक्शनचा मुक्काम टळतो. दोन वर्षांच्या बाळाच्या वडिलांना मी हेच सांगतो: पैसे वाचवायला प्लास्टर सुचवलेलं नाही, या वयात तेच उत्तम आहे. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी लवचीक सळया. अकराच्या पुढे किंवा वजन पन्नास किलोच्या आसपास गेलं की त्या सळया भाराने वाकू शकतात. मग खुब्याच्या गोळ्याला टाळून बाहेरच्या बाजूने घातलेली जाड सळई किंवा प्लेट लागते. हाडाचे खूप तुकडे झाले असतील, जखम उघडी असेल, डोक्यालाही मार असेल, तर हे हिशेब बदलतात. खर्चाची अडचण असेल तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेबद्दल विचारा. अपघातावरच्या बऱ्याच शस्त्रक्रिया तिच्यात बसतात.

दोन गोष्टी राहिल्या. न चालणाऱ्या बाळाची मांडी मोडली तर डॉक्टर बरेच प्रश्न विचारतात, इतर एक्स-रे काढतात. अपमान वाटून घेऊ नका. इतक्या लहान वयात एवढं मोठं हाड सहजासहजी मोडत नाही. कधी हाडच जन्मतः ठिसूळ असतं, कधी बाळाला कुणी मारलेलं असतं, आणि दोन्ही वेळी ते लवकर कळणं बाळाच्या हिताचं असतं. दुसरं, नुसत्या मांडीच्या मोडीने मूल सहसा पांढरंफटक आणि गार पडत नाही. तसं दिसलं तर पोटात किंवा छातीत मार आहे का हे आधी पाहायला हवं, म्हणून लगेच मोठ्या हॉस्पिटलला न्या. नेताना दोन्ही पाय मध्ये उशी ठेवून एकत्र बांधा किंवा पायाला लांब फळी लावा. मालिश करू नका, ओढून सरळ करायला जाऊ नका. पायाची बोटं उघडी ठेवा. ती निळी, गार किंवा बधिर झाली तर बांधलेलं लगेच सैल करा.

सळया हाड पक्कं जुळल्यावर, बहुधा सहा महिने ते वर्षभरात, छोट्या ऑपरेशनने काढतात. त्यानंतरही मुलाला दीड-दोन वर्षांनी एकदा डॉक्टरांना दाखवून दोन्ही पायांची लांबी मोजून घ्या. सेंटीमीटरभर फरक असेल तर मुलाला तो जाणवतही नाही. दोन सेंटीमीटरच्या पुढे असेल तर मात्र हाडांच्या डॉक्टरांशी बोलायला हवं, आणि तेही मुलाची वाढ चालू आहे तोवर.